रँग्लर परांजपे : एका बुद्धिनिष्ठ कुलपुरुषाची नव्वद वर्षे

महाराष्ट्रात काही पदव्या माणसांना चिकटल्या आणि मग त्या त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसल्या. ‘रँग्लर’ ही अशीच एक पदवी. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास तेथे रँग्लर म्हणत, आणि त्या यादीत अग्रस्थानी येणारा तो सीनियर रँग्लर. इंग्लंडमध्ये या शब्दाचे कौतुक परीक्षेच्या निकालाबरोबर वाढे आणि काही काळाने ओसरे. मराठी माणसाच्या घरात मात्र तो शब्द कायमचा वस्तीला आला. त्याचे कारण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे होत. ज्यांना गणिताचे अक्षरही ठाऊक नव्हते, अशा आजीबाईंनीही आपल्या हुशार नातवाला लाडाने रँग्लर म्हणावे, इतके हे नाव घरोघर पोहोचले होते. पदवीच्या या वलयामागे जो मनुष्य होता, त्याच्या दीर्घ आयुष्याचा पट आज उलगडून पाहिला असता परीक्षेतील यशापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे असे काही हाती लागते.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील आंजर्ल्याजवळच्या मुर्डी या खेड्यात झाला. कोकणातील त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांत बुद्धीचा तुटवडा नसे. तुटवडा असे तो पैशाचा आणि संधीचा. रघुनाथरावांच्या वाट्याला संधी आली ती धोंडो केशव कर्वे यांच्या रूपाने. कर्वे नात्याने त्यांचे भाऊ, वयाने सुमारे अठरा वर्षांनी वडील. मुंबईत शिकवण्या करून स्वतःचा संसार चालवीत असतानाच कर्व्यांनी या हुशार मुलाला आपल्याजवळ आणले व त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. मुंबईच्या मराठा हायस्कुलातून रघुनाथराव पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. कर्वेही १८९१ पासून तेथेच गणिताचे अध्यापक होते. शाळेपासून विद्यापीठापर्यंत पहिल्या क्रमांकाशिवाय दुसरा क्रमांक या विद्यार्थ्याला फारसा माहीत नव्हता.

परंतु कर्व्यांच्या सहवासात रघुनाथराव केवळ गणित शिकले नाहीत. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. रघुनाथराव तेव्हा अवघे सतरा वर्षांचे, पुण्यात शिकत होते. ज्या माणसाने आपल्याला वाढविले, त्याने कोणाचेही वाईट केलेले नाही, उलट एका अनाथ जिवाला घर दिले, आणि तरीही सारा गाव त्याच्यावर उलटतो, हे त्यांना पाहावे लागले. रूढी कितीही जुनी असो, तिला कारण विचारले पाहिजे, ही वृत्ती त्यांच्या ठिकाणी पुढे जन्मभर दिसते. तिचे मूळ पाश्चात्य ग्रंथांत शोधण्याआधी या घरातल्या अनुभवात शोधावे लागेल.

१८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून रघुनाथराव केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. आनंदमोहन बोस हे १८७४ सालीच पहिले भारतीय रँग्लर झाले होते. परंतु अग्रस्थान कोणाही भारतीयाला मिळालेले नव्हते. ही परीक्षा म्हणजे कित्येक दिवस चालणारे, वेग, स्मरण आणि कौशल्य या तिन्हींचा कस पाहणारे एक द्वंद्वच होते. पुढे जगद्विख्यात झालेले गणिती हार्डी हे १८९८ च्या यादीत चौथे आले होते, एवढे सांगितले तरी तिची चुरस ध्यानी यावी. १८९९ च्या यादीत रघुनाथराव परांजपे आणि बर्टविसल या दोघांची नावे संयुक्तपणे प्रथम स्थानी झळकली. हिंदी माणसाला तर्कशुद्ध विचार जमत नाही, तो पाठांतरात पटाईत, पण विज्ञानात मागे, असे मानणाऱ्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच परीक्षेत मिळालेले ते उत्तर होते. देशभर आनंदोत्सव झाला.

या यशाबरोबर सरकारी नोकरीची, मानमरातबाची व मोठ्या पगाराची दारे उघडी झाली होती. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे वचन रघुनाथराव देऊन बसले होते. त्या काळी या सदस्यांना महिना ७५ रुपये वेतन मिळे आणि वीस वर्षांची सेवा अपेक्षित असे. सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो म्हणून निवड झालेला हा तरुण युरोपातील अध्ययन आटोपून पुण्यास परतला व १९०२ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले कॉलेजातून निवृत्त होऊन देशकार्यास मोकळे झाले. या दोघांचा स्नेह गोखल्यांच्या अखेरपर्यंत टिकला आणि १९१५ मध्ये गोखले निवर्तल्यावर रघुनाथरावांनी त्यांचे चरित्र लिहिले.

प्राचार्यपदाची सुमारे दोन दशके हा रघुनाथरावांच्या आयुष्याचा मध्यभाग होय. त्यांच्या हातून गणितात मूलभूत संशोधन फारसे झाले नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. केंब्रिजमध्ये राहते, तर ते कदाचित झालेही असते. परंतु ज्या देशात गणिताची नियतकालिकेच मिळत नव्हती, तेथे एकट्याने प्रमेये सिद्ध करण्यापेक्षा शेकडोंना गणिताच्या दारापर्यंत नेणे त्यांना अधिक निकडीचे वाटले.

या संदर्भात एक हकीकत ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळची वाटेल. १९०७ साली मद्रास इलाख्यात सरकारी नोकरीत असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांनी निरनिराळ्या गावच्या गणितप्रेमींना पत्रे लिहून एक मंडळ स्थापन केले. मंडळाचा मुख्य हेतू अगदी साधा होता. कोणाही एका अध्यापकाला परदेशी ग्रंथ व मासिके विकत घेणे परवडत नाही, तेव्हा सर्वांनी वर्गणी काढून ती घ्यावीत आणि टपालाने आपापसांत फिरवावीत. या ग्रंथांना आसरा हवा होता. तो फर्ग्युसन कॉलेजने दिला. संस्थापक सदस्यांपैकी एक असलेल्या प्राचार्य परांजप्यांच्या छत्राखाली पुण्यातून बर्लिन-पॅरिसची नियतकालिके देशातल्या दूरदूरच्या गावी जाऊ लागली आणि वाचून परत येऊ लागली. हेच मंडळ पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून नावारूपास आले. त्याचा ग्रंथसंग्रह १९५० पर्यंत फर्ग्युसनमध्येच होता. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली मद्रासच्या एका अप्रसिद्ध तरुणाचा पहिला शोधनिबंध छापून आला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. वर्गणी काढून पुस्तके फिरविणाऱ्या एका छोट्या मंडळातून केवढे फळ निघू शकते, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते देता येईल?

तथापि या काळाची एक काळी बाजूही आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून रघुनाथरावांचे चरित्र पुरे होणार नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये, वंगभंगाच्या चळवळीच्या ऐन भरात, फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांनी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली. प्राचार्य परांजप्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांच्या केसरीने प्राचार्यांवर कडाडून टीका केली. दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठी किंमत रघुनाथरावांना लोकप्रियतेच्या रूपाने मोजावी लागली. शिस्त आणि शिक्षण यांत राजकारणाने ढवळाढवळ करू नये, अशी त्यांची धारणा होती. परंतु पारतंत्र्यात होरपळणाऱ्या तरुण मनाची आग कोणत्याही नियमावलीत बसणारी नव्हती, हे त्यांच्या हिशोबात आले नाही. पुढे त्याच सावरकरांनी विज्ञाननिष्ठेचा हिरिरीने पुरस्कार केला आणि पोथीनिष्ठेवर प्रहार केले. त्या एका बाबतीत गुरू आणि शिष्य एकाच वाटेचे प्रवासी ठरले, हा इतिहासाचा योगायोग मनोज्ञ म्हटला पाहिजे.

नेमस्त राजकारण हा रघुनाथरावांचा पिंडच होता. भावनेच्या लाटेवर स्वार होणे त्यांना जमत नसे, आणि जमावे अशी इच्छाही नसे. टिळकयुगात ते जसे एकाकी होते, तसेच गांधीयुगातही राहिले. चरखा, असहकार, शाळांवर बहिष्कार हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही, आणि जे पटले नाही ते लोकांच्या भीतीने त्यांनी कधी मान्य केले नाही. १९४२ साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देश पेटून उठला. हा योग त्यांच्या कीर्तीला उपकारक ठरणारा नव्हता. देशावर त्यांचे प्रेम होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र जनतेच्या हृदयाशी बोलण्याची भाषा त्यांच्यापाशी नव्हती, हेही तितकेच खरे.

पण त्यांच्या हाती अधिकार आला तेव्हा त्यांनी काय केले, यावरूनही त्यांची पारख व्हावयास हवी. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती झाले आणि रघुनाथराव पहिले कुलगुरू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले होते आणि १९१२ साली ते फेटाळले गेले होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागापासून आरंभ करून १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. एका संस्थानाला जे साधले, ते ब्रिटिश मुलखाला परवडत नाही, हे सरकारचे उत्तर गोखल्यांच्या अनुयायांना सलत होते. रघुनाथरावांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी सरकारने आणखी एक आदेश काढला. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना सरकारी अनुदान मिळणार नाही, असे त्यात बजावले होते. अशा आदेशांची अंमलबजावणी गावोगावी किती झाली, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. तरीही ज्या माणसावर लोकांपासून तुटल्याचा आरोप होत असे, त्याने शाळेच्या दाराबाहेर उभ्या केलेल्या मुलाचा विचार केला होता, ही नोंद पुसून टाकता येणार नाही.

पुढील आयुष्य म्हणजे एकामागून एक आलेल्या जबाबदाऱ्यांची मालिकाच होय. १९२७ ते १९३२ ते लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सदस्य होते. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, ते ऑस्ट्रेलियातील भारताचे पहिले हायकमिशनर म्हणून कॅनबेराला गेले व १९४७ पर्यंत तेथे राहिले. बॅरिस्टर जयकरांनंतर, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९५६ पासून तीन वर्षे त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. ज्या वयात लोक पोथी उघडतात, त्या वयात ते विद्यापीठाचे अंदाजपत्रक उघडून बसत होते.

पोथीचा उल्लेख आला आहे, तर त्यांच्या धर्मविषयक भूमिकेबद्दल सांगितले पाहिजे. ईश्वराचे अस्तित्व सिद्ध झालेले नाही आणि जे सिद्ध नाही ते आपण गृहीत धरणार नाही, ही त्यांची भूमिका त्यांनी कधीही झाकून ठेवली नाही. १९४९ मध्ये मद्रास येथे भारतीय बुद्धिवाद्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देवाला न मानणारा मनुष्य नीतिभ्रष्ट असलाच पाहिजे, असा सर्वसामान्य समज होता. मिळालेले वचन पाळण्यासाठी मोठ्या पगारावर पाणी सोडणाऱ्या या नास्तिकाचे आयुष्य त्या समजाला परस्पर उत्तर देत होते.

तथापि बुद्धिवादाची खरी परीक्षा सभेच्या व्यासपीठावर होत नाही. ती घरात होते. व्यासपीठावर सुधारक आणि उंबरठ्याच्या आत सनातनी असे अनेक पुढारी त्या काळात होऊन गेले. रघुनाथराव या परीक्षेत कोठे उतरतात, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या सीनियर रँग्लरपणाचा हिशोब पुरा होत नाही.

रघुनाथराव व त्यांच्या पत्नी सईबाई यांची कन्या शकुंतला १९०६ साली जन्मली. मुलगा नाही म्हणून हळहळ करण्याच्या त्या काळात या मुलीला मुलाच्या बरोबरीने शिकविण्यात आले. एवढेच नव्हे, तर वडिलांच्याच केंब्रिजला जाऊन तिने गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली. शकुंतलाबाईंची हुजूरपागेतील एक मैत्रीण होती. ब्रह्मदेशात नोकरी करणाऱ्या करमरकर नावाच्या गृहस्थांची ती मुलगी, शिक्षणासाठी एकटी पुण्यात राहिलेली. परांजपे दांपत्याने तिला आपल्या घरी आणले व दुसरी मुलगी मानून वाढविले. कर्व्यांनी एकेकाळी परक्या छताखाली या घराण्यातील मुलाला जसे वाढविले, तसेच आता त्या मुलाने दुसऱ्याच्या मुलीला वाढविले. ऋण फेडण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे. पुढे ती मुलगी कर्व्यांच्याच घरात, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांची पत्नी म्हणून गेली. तीच डॉ. इरावती कर्वे. १९२७ नंतर बर्लिनमध्ये संशोधन करताना, गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा ग्रह बाळगणाऱ्या मार्गदर्शकाच्या हाताखाली राहूनही, मापांतून तसा निष्कर्ष निघत नाही हे त्यांनी निर्भीडपणे नोंदविले. पुराव्यापुढे गुरूचीही भीड न धरण्याचे बाळकडू ज्या घरात मिळाले, त्या घराचा त्यात वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

शकुंतलाबाईंचे आयुष्य तर वडिलांच्या तत्त्वांची कसोटी पाहणारेच होते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयात त्यांनी काही काळ काम केले. युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी त्यांनी विवाह केला आणि तो टिकला नाही. १९३७ साली व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’ चित्रपटात त्यांनी सुधारक विचारांच्या सुशीलेची भूमिका केली. एका विद्यापीठाच्या कुलगुरूची कन्या पडद्यावर काम करते, ही त्या काळी भुवया उंचावणारी गोष्ट होती. १९३८ मध्ये लखनौला त्यांना मुलगी झाली. तिचे नाव आजीवरून सई ठेवले गेले. पतीपासून विभक्त झालेली लेक तान्ह्या मुलीसह माहेरी राहते, म्हटल्यावर चारचौघे काय म्हणतील, या प्रश्नाने त्या काळात भलेभले खचून जात. परांजप्यांच्या घरात या प्रश्नाला थारा नव्हता. रघुनाथरावांनी लेकीला जवळ केले. पुढे ते हायकमिशनर म्हणून गेले, तेव्हा चिमुकल्या नातीच्या बालपणाची वर्षेही कॅनबेरातच गेली.

शकुंतलाबाई पुण्यात जे काम करू लागल्या, ते तर आणखीच अवघड. कर्व्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी संततिनियमनाचा प्रचार केल्याने १९२५ मध्ये प्राध्यापकाची नोकरी गमावली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून आयुष्यभर टीकेचे व खटल्यांचे घाव सोसले. त्यांच्या त्या कार्याला शकुंतलाबाईंनी वाहून घेतले. खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत हिंडून त्या स्त्रियांना संततिनियमनाची माहिती देत. शिव्याशाप खात, पण थांबत नसत. १९६४ साली त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वडील हयात नसताना मिळालेला हा सन्मान त्यांच्या शिकवणुकीचाही होता. नात सई परांजपे हिने वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक लिहिले आणि पुढे नाटक-चित्रपटांच्या जगात स्वतःचे स्थान निर्माण केले. घरात ‘अप्पा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजोबांनी आपल्या मागल्या पिढ्यांना गणित करायला लावले नाही. आपला मार्ग आपण शोधावा आणि त्याचे कारण देता यावे, एवढेच त्यांनी त्यांना दिले. कुलपुरुष हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे आज्ञा करणारा वडीलधारा उभा राहतो. आज्ञेऐवजी मोकळीक देणारा कुलपुरुष मराठी समाजात विरळा, आणि रघुनाथराव तसे होते.

१९६१ मध्ये त्यांनी आपले इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. क्रिकेटच्या परिभाषेत त्याचे नाव ठेवले ‘एटी-फोर, नॉट आऊट’. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, आयुष्याची एकशे चार वर्षे पुरी करून आणि भारतरत्न होऊन, महर्षी कर्वे निवर्तले. लहानपणी बोट धरून मुंबईस आणणारा वडील बंधू गेल्यानंतर रघुनाथराव आणखी साडेतीन वर्षे जगले. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

आज त्यांच्याविषयीची आठवण पुसट होत चालली आहे. केंब्रिजने क्रमवार यादी जाहीर करण्याची प्रथाच १९०९ नंतर बंद केली, त्यामुळे सीनियर रँग्लर म्हणजे काय, हे नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. पुतळे उभारले जावेत आणि मिरवणुका निघाव्यात, अशा जातीचे मोठेपण त्यांचे नव्हतेच. लोकांना न रुचणारे सत्य सांगितले की ते विसरले जाणे, हा त्याचा ठरलेला भोग आहे. परंतु पुण्याहून टपालाने निघालेले एखादे गणिताचे मासिक वाचून परत पाठविणारा कोण्या दूरगावचा शिक्षक, शाळेत प्रथमच पाऊल ठेवणारा एखादा उपेक्षित मुलगा, आणि कारण विचारण्याचा हक्क मिळालेल्या परांजपे-कर्व्यांच्या लेकीसुना, या सर्वांच्या जीवनात त्यांनी केलेली बेरीज मात्र चुकलेली नाही. गणिती माणसाला याहून वेगळे स्मारक कशाला हवे?